लॉकमधलं खोबरेल

रत्नागिरीच्या मांडवीत मोटारसायकल बाळगायची तर गंजाशी जन्माचं वैर घ्यावं लागतं. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आणि वारा बाराही महिने खारा. स्पोक, चेन, आरशाचे दांडे, नटबोल्ट, तो कशालाच सोडत नाही. पण त्याची खरी आवडती जागा म्हणजे चावीचं भोक. तिथे मीठ जाऊन बसतं, त्यावर लाल मातीची धूळ बसते, आणि एके दिवशी चावी आत जाते पण फिरत नाही. माझी गाडी आता सतरा वर्षांची आहे. तिचं लॉक पाच वर्षांपूर्वी एकदा असं अडकलं होतं, तेही खाऱ्या वाऱ्याने नव्हे, थंडीने. म्हणजे थंडीने असं मी लोकांना सांगत आलो. खरं काय ते आता लिहून टाकतो.

गाडी मुळात वडिलांची. ते जहाजावर इंजिनखोलीत तेलवाले होते, म्हणजे यंत्रांना तेलपाणी करणारे. तीस वर्षं त्यांनी समुद्रावर काढली आणि निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली. गुडघे गेले तेव्हा ती माझ्याकडे आली, आणि गाडीबरोबर सूचनाही आल्या. त्यातली पहिली सूचना लॉकची. "कुलपात तेल नाय घालायचा," ते म्हणायचे. "तेल धूळ धरता नि थंडीत थिजता. कुलूप सुका ठेवायचा." मग ते थंड बंदरांतल्या गोष्टी सांगत. डेकवरची कुलपं रात्रीत गोठायची, चावी मोडून हातात यायची, आणि कुणी जुना खलाशी शिसपेन्सिलीची पूड घालून ती ठीक करायचा. तोच उपाय ते इथेही करत. लॉक पेट्रोलने धुवायचं, उन्हात वाळवायचं, पेन्सिलीचं शिसं कानशीवर घासून त्याची पूड चावीला लावायची आणि चावी दहा-वीस वेळा आत-बाहेर करायची. दर दोन महिन्यांनी.

मला याचा भयंकर वैताग यायचा. एकदा मी म्हटलंसुद्धा, "अण्णा, ही मांडवी आहे. इथे माणसं जानेवारीत बनियनवर झोपतात. कुलूप कसलं गोठतंय?" त्यावर ते कानशीवर पेन्सिल घासत राहिले. वाद घातला नाही म्हणजे पटलं असं मी समजलो.

आमच्याकडे खरा विश्वास खोबरेलावर. दाराची बिजागरी करकरली, खोबरेल. शिवणयंत्र जड झालं, खोबरेल. भाजलं, खरचटलं, कान दुखला, पोर रडायला लागलं, सगळ्याला खोबरेल. परसातल्या तीन माडांचे नारळ वाळवून घाण्यावरून वर्षाचं तेल काढून आणायचं आणि बाटल्या भरून ठेवायच्या. फुकटचं, घरचं, सुवासिक. असं तेल कोनाड्यात असताना शाळकरी पोरासारखी पेन्सिल घासत कोण बसेल?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, तीच जास्त लाजिरवाणी आहे. मी बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. मच्छीमारी बोटींना लागणारा बर्फ आम्ही बनवतो. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर पाण्याच्या लाद्या होत असतात. कुठल्या तापमानाला काय घट्ट होतं यावर माझं पोट चालतं. या माणसाला खोबरेल थिजतं एवढं सुचू नये. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी घरी बांधून ठेवला होता.

आता बायकोचं. ती डी.एड. झालेली. लग्नाआधीपासून सरकारी शाळेत मास्तरीणबाई व्हायचं तिच्या मनात. भरती निघायची, रखडायची, परत निघायची. सहा वर्षं ती गावातल्या एका बालवाडीत शिकवत थांबली. आणि मग एका जानेवारीत तिचं नाव यादीत आलं. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

निवड झाली, पण शाळा कुठली मिळणार ते ठरायचं होतं. त्यासाठी सगळ्यांना एका दिवशी सकाळी नऊला रत्नागिरीत बोलावलं होतं. मोकळ्या जागांची यादी समोर पडद्यावर लावतात. गुणांच्या क्रमाने एकेकाचं नाव पुकारतात. ज्याचं नाव आलं त्याने उरलेल्यांतली एक शाळा निवडायची. नाव पुकारल्यावर जो हजर नसेल त्याने शेवटी बसायचं आणि उरेल ते घ्यायचं. नियम सरळ होता आणि तो सगळ्यांना आधी कळवलेला होता. बायकोचा नंबर अकरावा. यादीत एक शाळा मांडवीपासून आठ किलोमीटरवर होती. तिथे मिळालं तर ती सकाळी डबा घेऊन निघाली असती आणि संध्याकाळी पोरीला जेवायला वाढायला घरी आली असती. नाही मिळालं तर मंडणगडापासून राजापुरापर्यंत जिल्हा पसरलेला. आमचा संसार कुठे आणि कसा होणार, ते त्या एका सकाळी ठरायचं होतं.

आदल्या दिवशी कळलं की तिचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला माहेरीच आहे, सासऱ्यांच्या लोखंडी पेटीत. माहेर संगमेश्वराच्या पलीकडे, पार सह्याद्रीच्या कुशीत, पंच्याहत्तर किलोमीटर. मी एकटा जाऊन आणला असता. पण सासऱ्यांनी फोनवर सांगितलं, "आमच्या पोरीला घेऊनच या. देवाला गाऱ्हाणं घालायचंय. एवढं मोठं काम नि देवाला सांगायचं नाय म्हंजे काय?" आमच्याकडे मोठ्या कामाआधी ग्रामदेवतेला नारळ देऊन, काय हवं ते स्पष्ट सांगून, गाऱ्हाणं घालतात. ते टाळता येत नाही. चार वर्षांच्या मुलीला माझ्या वडिलांजवळ ठेवून आम्ही दोघं दुपारी निघालो.

निघताना चावी जड फिरली. दोन महिने पेन्सिल घासली नव्हती, हे त्याचं कारण. वडील आत नातीला झोपवत होते. मी कोनाड्यातली बाटली घेतली आणि चावीच्या भोकात खोबरेलाची धार सोडली. थेंब नव्हे, धार. चावी दोन-चार वेळा फिरवली. लोण्यासारखी फिरायला लागली. मी बायकोला हाक मारून दाखवलं. "बघ. याला म्हणतात उपाय. नाहीतर अण्णांची पेन्सिल." ती म्हणाली, "त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं, "बस मागे."

संध्याकाळी गाऱ्हाणं झालं. देऊळ वाडीच्या वर, टेकाडावर. सासऱ्यांनी नारळ देवापुढे ठेवला, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "म्हाराजा, आज ही माहेरवाशीन तुज्या पायाशी आलीय. उद्या सकाळी ती साहेबांच्या कचेरीत जातेय. तिच्या वाटेत काय अडथळा आसंल तो बाजूला कर, नि तिला घराजवळची साळा दे रे म्हाराजा." आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मीही मोठ्याने म्हटलं. अडथळा दोनशे पावलांवर सासऱ्यांच्या अंगणात स्टँडवर उभा होता, हे देवाला माहीत असावं. मला नव्हतं.

जेवताना बायको म्हणाली, "मी सकाळच्या वस्तीच्या गाडीने जाते. तुम्ही मागून या." वस्तीची गाडी म्हणजे रात्री गावात मुक्कामाला येणारी एसटी. सकाळी पावणेसहाला सुटते आणि नऊच्या आत रत्नागिरीला पोचते. त्या गाडीला कधी उशीर होत नाही, कारण ती रात्रभर इथेच असते.

मला ते लागलं. अंगणात स्वतःची गाडी असताना बायकोने एसटीने जायचं म्हणजे काय? तेही सासऱ्यांसमोर. मी म्हटलं, "का, माझ्यावर भरवसा नाही?" ती म्हणाली, "भरवशाचं नाही हो. गाडीचं काय, पंक्चर झाली तर?" मी म्हटलं, "साडेसहाला निघू, पावणेनऊला दारात उतरवतो. घड्याळ लावून बघ." सासरे भाताचा घास हातात धरून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. तिने माझ्या पानात आमटी वाढली आणि म्हणाली, "बरं." ते 'बरं' तिने माझ्यासाठी म्हटलं होतं. तिला काय हवं होतं ते मला चांगलं कळलं होतं आणि कळूनही मी हट्ट सोडला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

झोपायला जाताना मी अंगणात जाऊन गाडीचं हँडल वाकडं करून लॉक केलं. सासरे पडवीतून हसले. "जावयबापू, हितं कोन गाडी चोरतंय? वाडीतली मानसं मोजलीत तर हाताची बोटं उरतील." खरंच होतं. तरणी माणसं मुंबईला, अर्ध्या घरांना कुलपं. पण मी शहरातला ना. हँडल लॉक केल्याशिवाय मला झोप येत नाही.

त्या रात्री वाडीत चांगलीच थंडी पडली. डोंगराच्या पायथ्याची थंडी आणि मांडवीची थंडी यांत फार फरक. मला अंगावर दोन गोधड्या घ्याव्या लागल्या. बायको पाचलाच उठली होती. पावणेसहाला एसटी सुटली तेव्हा ती अंगणात तोंड धूत होती. खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा पळत जाऊन ती थांबवावीशी वाटली होती, असं तिने मला पुढे कधीतरी सांगितलं.

साडेसहाला ती तयार होऊन, फाइल छातीशी धरून उभी. मी ऐटीत चावी घातली. चावी अर्धी आत गेली आणि थांबली. जोर केला, पूर्ण गेली. पण फिरेना. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मी हँडल हलवून बघितलं, चावी काढून पुसून घातली, उलटी घातली, शिव्या घातल्या. काही नाही. लॉक मेल्यासारखं. आणि हँडल वाकडं अडकलेलं, म्हणजे गाडी ढकलून उतारावर न्यायची सोयही नाही. ती जागच्या जागी गोल फिरेल फक्त.

"काय झाला?" सासरे आले.

"मीठ," मी म्हटलं. "आमच्याकडचा खारा वारा. गंज धरला असेल. तेल आहे का घरात? खोबरेल?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ते असं. सासूबाई आतून बाटली घेऊन आल्या. तेल पांढरंशुभ्र, मेणासारखं घट्ट. त्यांनी बाटली उलटी करून दाखवली. एक थेंब पडला नाही. "थिजलाय बगा. थांबा, चुलीपाशी ठेवतंय," त्या म्हणाल्या आणि बाटली चुलीजवळ ठेवून आल्या. मी ते बघितलं. बर्फ बनवणाऱ्या माणसाने थिजलेली बाटली डोळ्यांनी बघितली आणि तेल वितळायची वाट बघत बसला. पाच मिनिटांनी मी ते कोमट तेल पळीने लॉकमध्ये आणखी ओतलं. जरा वेळ चावी सैल झाल्यासारखी वाटली. मग गार लोखंडाने ते तेलही थिजवलं आणि चावी पहिल्यापेक्षा घट्ट बसली.

सासरे तोवर खालच्या वाडीतल्या रिक्षावाल्याला आणायला चालत गेले होते. फोनला रेंज फक्त देवळाच्या टेकाडावर, आणि खालच्या वाडीत तीही नाही. अर्ध्या तासाने ते धापा टाकत परत आले. रिक्षावाला पहाटेच मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन स्टेशनावर गेला होता. नऊशिवाय येणार नाही.

सव्वासात वाजले होते. मी चावी उपटून काढली आणि पायरीवर आपटली. बायकोने ती उचलली. उजेडात धरून बघितली. चावीच्या खाचांत पांढरं काहीतरी भरलं होतं. तिने नखाने ते काढलं, बोटांवर चोळलं, आणि चुलीजवळच्या बाटलीशी नेऊन वास ताडून परत आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गंज नाही. तुमचं खोबरेल थिजलंय. आई, न्हाणीतलं पाणी तापलंय ना?"

मग जे करायचं ते तिने केलं. मी नुसता हाताखाली. जुन्या लुगड्याचे तुकडे कढत पाण्यात बुडवून, पिळून, लॉकला गुंडाळायचे. निवले की बदलायचे. चावीचं टोक चिमट्याने निखाऱ्यावर धरायचं, पुसायचं आणि आत सरकवायचं. बाहेर काढली की प्रत्येक वेळी काळपट पांढरा लगदा यायचा, धूळ आणि तेलाचा. पुन्हा पुसायची, पुन्हा तापवायची. घाई करून चावी मोडली तर सगळंच संपलं, म्हणून ती मला हात लावू देत नव्हती. तिचे हात वाफेने लाल झाले होते आणि इस्त्रीच्या साडीवर डाग पडले होते. सव्वाआठला चावी करकरत फिरली. हँडल सुटलं. पहिल्या किकला गाडी सुरू झाली, जसं काही झालंच नाही.

मी ज्या तऱ्हेने गाडी हाणली ती सांगण्यासारखी नाही. हायवेवर खडी, वळणं, ट्रक. ती मागे गच्च धरून बसली होती. एकदाही 'हळू' म्हणाली नाही. सव्वादहाला पोचलो. ती धावत जिना चढली. मी गाडी लावून वर गेलो तेव्हा दारात शिपाई उभा होता. सतरावा नंबर चालू होता. मी त्याला आमची शाळा विचारली. तो म्हणाला, "ती होती की अकराव्यापर्यंत. बाराव्या नंबरच्या बाईंनी उचलली." त्याने सहज सांगितलं. मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

ती शेवटपर्यंत मागच्या खुर्चीवर बसून राहिली. दुपारी दोनला कागद घेऊन बाहेर आली.

"अलोऱ्याच्या पुढे," ती म्हणाली. "डोंगरातली वाडी आहे. अलोऱ्यात खोली घ्यावी लागेल." मी काही बोलणार होतो. ती म्हणाली, "चहा घेऊ या कुठेतरी. सकाळपासून पोटात काही नाही."

त्या चहाच्या टपरीवर मी चूक कबूल करायला हवी होती. सगळी वाक्यं जिभेवर होती. पण मी म्हटलं काय, तर "थंडी फारच होती ना रात्री." तिने बशीतला चहा फुंकला आणि "हो, होती" म्हणाली. मग मी तेच सगळ्यांना सांगत गेलो. शेजाऱ्यांना, कारखान्यात, मेहुण्याला. थंडी होती, लॉक गोठलं, नशीब. लोक हळहळायचे आणि मला बरं वाटायचं.

वडिलांनाही तेच सांगितलं. त्यांनी चावी मागितली. हातात घेतली, नाकाशी धरली. तीस वर्षं तेलाच्या वासावर ज्याने पगार घेतला त्याच्यापुढे मी थंडीची थाप मारत होतो. "थंडी होती म्हणतोस?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं. त्यांनी चावी परत दिली. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर लॉक पेट्रोलने धुऊन, वाळवून ठेवलेलं. आणि माझ्या उशाशी एक छोटी डबी, शिशाच्या पुडीने भरलेली. ते चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

पोर आईबरोबर अलोऱ्याला गेली. धरणाच्या कामासाठी बांधलेली वसाहत आहे तिथे, तिच्या कडेला दोन खोल्या मिळाल्या. बायको तिथून रोज वाडीवर चढून जाते. मी मांडवीत वडिलांपाशी. शनिवारी दुपारी कारखान्यातून सुटलो की निघायचं, तीन तासांनी पोचायचं, सोमवारी पहाटे परत. अशी पाच वर्षं झाली. बैल गेला आणि झोपा केला, पण तो झोपा मी इमानाने राखला. महिन्यातून एकदा लॉक धुणार, वाळवणार, पूड घालणार. चावीच्या भोकावर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून झाकण बसवलंय. अलोऱ्याला थंडीत गाडी भिंतीच्या आडोशाला लावतो, वर गोणपाट टाकतो, हँडल लॉक करत नाही, आणि चावी उशाखाली घेऊन झोपतो म्हणजे ती गरम राहते. या पाच वर्षांत एकही सोमवार असा गेला नाही की चावी फिरली नाही. मला याचा अभिमान होता. निदान एवढं तरी मी नीट करतो, असं वाटायचं.

पोर मात्र तिकडची झाली. एकदा तिने विचारलं, "बाबा, तुझ्या घरी आता समुद्राला भरती असेल का?" तुझ्या घरी. मी तिला सुधारलं नाही. कुठल्या तोंडाने सुधारणार?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. सोमवारची सकाळ, उजाडायचं होतं. दारात धुकं. मी चहा घेतला, कानटोपी घातली, गोणपाट काढलं आणि उशाखालची गरम चावी लॉकमध्ये घातली. अर्धी गेली आणि थांबली.

मला आधी वाटलं, माझाच हात चुकला. पुन्हा घातली. तेच. चावी काढून बघितली. खाचांत पांढरं. मी ती नाकाशी नेली आणि मला मांडवीचा कोनाडा आठवला.

बायको दारात आली होती. मी चावी तिच्यापुढे धरली. तिने बघितलं, आणि मग आम्ही दोघांनीही दाराआड बघितलं. पोर आईची शाल गुंडाळून उभी होती. आता नऊ वर्षांची आहे. पळाली नाही. नुसती खाली बघत होती.

"किती घातलंस?" मी विचारलं.

"एक झाकण. काल तू जेवत होतास तेव्हा."

"का गं?"

"खोबरेल घातलं की थंडीत गाडी सुरू होत नाही," ती म्हणाली. "मग तू जाणार नाहीस."

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "मी गोष्ट म्हणून सांगितली होती तिला. एक माणूस होता, त्याने लॉकमध्ये खोबरेल घातलं. एवढीच. कोण ते सांगितलं नव्हतं."

मी पायरीवर बसलो. पाच वर्षं जिभेवर अडकलेलं वाक्य तेवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी पोरीला म्हटलं, "तो माणूस मी. आजोबांनी नको सांगितलं होतं तरी घातलं. तुझ्या आईला एसटीने जायचं होतं, तिला जाऊ दिलं नाही. म्हणून तुम्ही इथे आहात. थंडीचा काही दोष नव्हता."

पोरीला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. बायको मात्र खांबाला टेकली. "पहिल्याच शनिवारी म्हणाल असं वाटलं होतं मला," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. "दर शनिवारी वाट बघायचे. मग सोडून दिलं."

मागच्या चुलीवर पाणी कढत आलं होतं. जुनी फडकी दोरीवर होती. दहा मिनिटांत लॉक सुटलं असतं, आता मला तो धंदा चांगला येतो. मी फोन काढून कारखान्यात कळवलं की आज येत नाही. मग बादली घेतली आणि ते पाणी आंघोळीला काढलं.